रतांब्याचा डाग

१

महाडच्या बाजारपेठेत कापडदुकानांच्या ओळीत, वरच्या मजल्यावर चिंतामणी पोटनीसचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ वडिलांनी थाटलेला आणि कॅमेराही वडिलांच्याच वेळचा, तीन पायांवर उभा राहणारा लाकडी. मागून काळ्या कापडात डोकं घातलं की दुधी काचेवर समोरचं माणूस उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. चिंतामणी उभ्या आयुष्यात माणसं अशी उलटी पाहत आला होता, त्यामुळे त्याला त्यात काही वेगळं वाटत नसे.

ते एक्याण्णव साल होतं. बारशा-मुंजींचे फोटो तोवर रंगीत झाले होते. त्यांचे रोल एस.टी.ने मुंबईच्या लॅबला जात आणि आठवड्याने परत येत. पण मुलीचा स्थळासाठी फोटो काढायचा झाला, की लोक अजून काळ्या-पांढऱ्याचाच आग्रह धरत. तो लगेच मिळायचा हे एक कारण. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नसे. काळ्या-पांढऱ्यात मुलगी उजळ दिसते, आणि पोटनिसांकडे तर फारच उजळ दिसते.

ही करामत चिंतामणीच्या फिल्टरांची होती. मखमलीचं अस्तर लावलेल्या एका पेटीत त्याच्या रंगीत काचा असत. पिवळी ढगांसाठी. खालच्या शोकेसमध्ये शिवथरच्या खोऱ्याचा जो मोठा फोटो होता, त्यातलं कापसासारखं आभाळ तिचंच. नारिंगी काच चेहऱ्यांसाठी; ती लावली की वांग, पुटकुळ्या, उन्हाने रापलेपण सगळं फिकं पडे. लाल काच त्याहून कडक. आणि एक हिरवी, जी सहसा पेटीतून निघतच नसे.

"लालावर लाल काच धरा, लाल रंग पांढरा पडतो. हिरवी धरा, तोच काळाकुट्ट होतो," हे तो येईल त्याला समजावून सांगे. त्याची बायको चारुशीला शाळेत शिकवायची. ती म्हणे, "अहो, एवढं तर माझ्या वर्गातल्या मुलांनाही पाठ झालंय तुमच्यामुळे."

तुळशीची लग्नं उरकली आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाडीतून बायजा आपल्या मुलीला घेऊन आली. गुरं-म्हशी पाळणारं घर. पहाटे डोंगर उतरून, एस.टी. धरून दोघी महाडला आल्या होत्या. मुलीचं नाव रंजिता. बारावी झालेली, उंच, डोळे पाणीदार. आणि डाव्या गालावर, डोळ्याखालपासून थेट जबड्यापर्यंत लालभडक जन्मखूण. पिकला रतांबा, कोकमाचं लाल फळ, फोडून कुणी गालावर पुसावा तशी.

"भाऊ, तेवढा गाल सांभाळा," बायजा म्हणाली. "तोंड जरा त्या अंगाला फिरवून काढा. दोन स्थळं गेली त्याच्यापायी."

तोंड फिरवून फोटो काढला असता तर काम झालं असतं. कुठल्याही फोटोग्राफरने तेच केलं असतं. पण चिंतामणीचा हात पेटीकडे गेला.

"फिरवायचं कशाला?" तो म्हणाला. "सरळ समोर बसू दे. डाग राहणारच नाही."

बायजाचा चेहरा उजळला. रंजिता मात्र खुर्चीवरून म्हणाली, "असू दे की काका. माजाच हाय तो."

चिंतामणी हसला. लहान मूल सुई नको म्हणतं तेव्हा डॉक्टर हसतात, तसा. तिच्यामागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं, तळ्याच्या पायऱ्या आणि दोन हंस. त्याने नारिंगी काच लावली, कापडात डोकं घातलं, चेहरा नीट करून घेतला आणि बाहेर येऊन भिंगावर झाकण लावलं, मागे फिल्मची चौकट सरकवली आणि झाकण काढलं. काच उजेड खाते, म्हणून झाकण जरा जास्त वेळ काढून धरावं लागे. "हलू नकोस हं," तो म्हणाला.

त्या शांततेत त्याला एक आवाज आला. ओल्या फडक्याने काच पुसावी तसा, बारीक, कुचकुच. चारुशीला शाळेतून आली असेल, खाली शोकेस पुसत असेल असं त्याला वाटलं. झाकण लावलं तेव्हा आवाजही थांबला.

खाली गेला तर शोकेसपाशी कुणीच नव्हतं.

२

फोटो चांगला आला. डाग जवळजवळ गेला होता, नुसती एक पुसट सावली उरली होती. आंब्याच्या झाडाखाली उभं राहिल्यावर गालावर पानाची पडते तेवढीच. जबड्याजवळ ती थोडी गडद वाटली म्हणून चिंतामणीने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तेवढा भाग उजळ केला. पेन्सिल जरा घाईत थांबली, त्यामुळे सावलीची खालची कड सरळ रेघेत तुटल्यासारखी झाली. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येणार नव्हतं.

पौषाच्या आधी मायलेकी पुन्हा आल्या. रंजिता उजेडाकडे तोंड करून बसली आणि चिंतामणीच्या हातातली फिल्म ठेवायची चौकट टेबलावर आपटली.

तिच्या गालावरचा रतांबा गेला होता. उरली होती पानाची सावली. आणि जबड्याजवळ ती सावली सरळ रेघेत तुटलेली होती, सुरीने कापावी तशी.

"औषध लावलंत का काही?" त्याने विचारलं.

"कसलं औषध!" बायजा आनंदाने म्हणाली. "एके दिशी सकाळी उठली, तर असा गाल. देवानं ऐकलं म्हणायचं. वाडीतल्या बाया म्हणतात, पोटनिसांच्या फोटोचा गुण." ती स्वतःच त्यावर हसली.

चिंतामणीही हसला. मनात म्हणाला, पावडर लावली असेल. थंडीत अशा खुणा फिक्या पडत असतील. मुळात आपल्यालाच तो डाग होता त्याहून लाल आठवत असेल. दिवसभर लाल काचा हाताळणाऱ्या माणसाचा काय भरवसा. पण सरळ रेघेचं काय करायचं ते त्याला कळेना. कातडीवर सरळ रेघ कुठून येणार?

"तुला कसं वाटतं?" त्याने रंजिताला विचारलं. हे विचारायला त्याला दुसरी खेप लागली.

रंजिता खाली बघत म्हणाली, "म्हस पान्हवत नाय, काका. मी बसले की लाथ झाडते. आमचीच म्हस, माज्या हातची."

"गप गो," बायजा म्हणाली. "म्हशीला काय कळतंय? भाऊ, काम निराळं हाय. स्थळ आलंय, मुलगा मुंबईत कंपनीत हाय. फोटो पसंत पडला त्यांना. पण मुलाचा मामा बोलला, गालावर ती सावली कसली? तेवढी काढून दुसरा फोटो द्या."

३

इथे थांबता आलं असतं. पुढे कितीतरी वेळा चिंतामणी या जागेशी परत येत राहिला आणि दर वेळी त्याला तेच दिसलं की थांबायला काहीच अडचण नव्हती. काच फुटली म्हणायचं, लाइट नाही म्हणायचं. बायजा बिचारी परत गेली असती.

पण त्याला बघायचं होतं. सावली खरंच जाते का, एवढंच बघायचं होतं. मुलीच्या जिवावर बघतोय हे त्याला कळत होतं, तरीही बघायचं होतं.

त्याने लाल काच काढली.

लाल काच फार उजेड खाते. झाकण काढून कितीतरी वेळ तसंच धरावं लागलं आणि तेवढा वेळ रंजिता गुडघ्यांवर हात ठेवून, पापणीही न हलवता बसून राहिली. बायजा दाराशी उभी होती. बाजारातला आवाज खाली होता, रिक्षांचे हॉर्न, कापडवाल्याची हाक. आणि या सगळ्याच्या आतून तो आवाज आला. कुचकुच, कुचकुच. या वेळी चिंतामणीला खाली जाऊन बघायची गरज पडली नाही. आवाज खुर्चीवरून येत होता. त्याने बायजाकडे पाहिलं. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती लेकीकडे कौतुकाने बघत होती.

त्याने झाकण लावायला हवं होतं. पण अर्धवट उजेडात फिल्म फुकट गेली असती. त्याने पुरा वेळ घेतला.

दुपारी डार्करूममध्ये कागद औषधात सोडला. आधी डोळे वर आले, मग केस, मग नाकाची कड. गाल आला तो दुधासारखा, सावलीचा मागमूस नसलेला. आणि गालाखाली काहीच आलं नाही. तसं होणार हे त्याला ठाऊक होतं; लाल काच ओठांचा लालपणाही खाते. पण इतका? नाकाखाली हनुवटीपर्यंत नुसता कोरा कागद होता.

त्याने बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगात पाणी घातलं आणि ओठ काढले. हे काम तो नेहमीच करायचा. डाव्या कोपऱ्याशी ब्रशचा एक केस निसटला आणि ओठाचं टोक किंचित वर गेलं. ते पुसायला गेला तर कागद खराब झाला असता. त्याने ते तसंच ठेवलं. हसल्यासारखं वाटत होतं. बरंच झालं, त्याने स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी चारुशीलाने तो फोटो पाहिला. 

"ही तीच का, भैरीच्या जत्रेत आपल्याला ताक आणून दिलं ती? गालावर खूण असलेली?"

"तीच."

"तुम्ही तिला विचारलंत?"

"तिच्या आईनेच सांगितलं की."

"मी 'तिला' विचारलंत का म्हणाले," असं म्हणून चारुशीला आत गेली.

४

स्थळ ठरलं. साखरपुडा झाला. लग्नाच्या खरेदीला वाडीची माणसं महाडला आली होती त्या दिवशी, दुपारच्या वेळी रंजिता एकटीच जिना चढून स्टुडिओत आली. डोक्यावरून घेतलेल्या पदराचं टोक तिने तोंडावर धरलं होतं. गाल दिसत होता तेवढा स्वच्छ होता, कोऱ्या कागदासारखा.

"काका," ती म्हणाली, "तो डाग कुठं गेला?"

चिंतामणीने काउंटरवरचे फोटो उगाच सारखे केले. "गेला म्हणजे... बरं झालं ना?"

"कुत्रा दारातच अडतो. गुरगुरतो. दूध काढायला गेले तर ती लाथ झाडते."

"कोण?"

"ती." रंजिता अडखळली. "ती काळी. शिंगांची."

म्हैस म्हणायचंय तिला, हे चिंतामणीला कळलं. मागच्या खेपेला ती सरळ म्हस म्हणाली होती. त्याने नकळत पुढे ऐकायला सुरुवात केली. काय म्हणते याच्याइतकंच, काय म्हणत नाही तेही. फोटो म्हणायच्या जागी ती हाताने चौकट दाखवी. आईचं नाव घ्यायचं तर नुसतं "आई". ओठ मिटल्याशिवाय जे शब्द निघत नाहीत, ते सगळे ती टाळत होती. आंधळ्याने पाण्याचे खड्डे टाळून चालावं तशी ती बोलत होती.

"डाग दिसंल अशी काच हाय?" तिने विचारलं.

"आहे," चिंतामणी म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं. "हिरवी आहे."

"ती घाला. आत्ताच घाला, काका. लग्नानंतर तिकडं कोण घालणार?"

विनवणी करताना तिचा हात पुढे आला आणि पदराचं टोक सुटलं. निमिषभरच. तिने लगेच ते परत धरलं.

तिथे ओठ होते. व्यवस्थित, रेखीव. डावं टोक किंचित वर गेलेलं, ब्रशचा केस निसटला होता तिथे. ती बोलत असताना ते हलले नव्हते.

चिंतामणी वळला. त्याने पेटी उघडली, हिरवी काच बाहेर काढली, धूळ पुसली. "बस," तो म्हणाला. "बस पोरी, बस लवकर." ती खुर्चीवर जाऊन बसलीसुद्धा.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तिचा बाप भिकू वर आला, मागे वाडीतली दोन-तीन माणसं, खांद्यांवर खरेदीच्या पिशव्या.

"हिथं हाय व्हय! बघा, म्हणलं ना, काकांच्या पाया पडायला गेली आसंल." भिकू पुढे आला आणि त्याने सगळ्यांसमोर चिंतामणीचे पाय धरले. "भाऊ, तुम्ही नसता तर पोरगी घरातच राह्यली आसती. देव हायसा तुम्ही."

वाडीची माणसं आदराने बघत होती. खालचा कापडवालाही गडबड ऐकून दारात आला होता. चिंतामणीच्या मुठीत हिरवी काच होती. त्याने ती हळूच ड्रॉवरमध्ये सोडली.

"काही नाही, सहज आली होती," तो म्हणाला. "सुखी राहा."

रंजिता खुर्चीवरून उठली. पदराच्या वर तिचे डोळे होते. त्यांत राग असता तर चिंतामणीला बरं वाटलं असतं.

५

त्यानंतर त्याने आपल्या परीने छडा लावायचा प्रयत्न केला. नारिंगी काच लावून काढलेली माणसं बाजारात भेटत, त्यांच्याकडे तो टक लावून बघे. दासगावच्या शिंपिणीच्या तोंडावरचे वांग होते तसेच होते. पोस्टातल्या कारकुनाच्या पुटकुळ्या जागच्या जागी होत्या. त्याने स्वतःचाच एक फोटो लाल काचेतून काढला, चारुशीलाला झाकण धरायला लावून. त्याला काहीही झालं नाही. हातावरच्या भाजल्याच्या डागासकट तो होता तसाच राहिला.

म्हणजे काच निर्दोष होती. मग कशाने झालं? खरं तर याचं उत्तर त्याला शोधायचंच नव्हतं. कारण शोधत गेलं की वाट दर वेळी त्या एकाच जागी येऊन थांबायची. असू दे की काका, माजाच हाय तो. आणि त्यावर आपलं हसणं.

ओठांना थंडीने चिरा पडल्या असतील, लाजेने ती बोलत नसेल, आपल्याला भास झाला असेल, असं तो दिवसा स्वतःला पटवत राहिला. लग्नाचं आमंत्रण हळद-कुंकू लावून आलं होतं. वाडीत मांडवापुढे त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती, असं नंतर कळलं. तो गेला नाही. पाय मुरगळला म्हणून निरोप धाडला. चारुशीला एकटी जाऊन आली.

"कशी होती?" त्याने विचारलं.

"छान दिसत होती," चारुशीला म्हणाली. "सगळे तेच म्हणत होते. नाव घ्यायला सांगितलं तर घेतलंच नाही तिने. बायका म्हणाल्या, किती लाजाळू पोर." मग ती म्हणाली, "घास मात्र कुणी भरवू शकलं नाही तिला. तोंड उघडेना."

६

फाल्गुनात नवरा-नवरी जोडीने फोटो काढायला आली. नवऱ्याचं नाव सहदेव. भला माणूस वाटला, हसतमुख, मुंबईचं वळण लागलेला.

"अंकल, तुमचा तो फोटो एकदम टॉप," तो म्हणाला. "आमच्या खोलीत भिंतीवर फ्रेम करून लावलाय. आता जोडीचा पण तसाच काढा, सेम. ती लाल काच का काय आहे ना, ती लावा."

रंजिता त्याच्या मागे उभी होती. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, हनुवटी छातीला टेकलेली. सहदेवने तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. जसं बसवलं तशी ती बसली.

"बोलत नाही बिलकूल," तो कौतुकाने म्हणाला. "आई खूश आहे. म्हणते, अशी सून नशिबाने मिळते."

चिंतामणीने मनाशी ठरवलं होतं. त्याने ड्रॉवर उघडला, हिरवी काच काढली आणि भिंगावर चढवली. सहदेवला रंगातलं काय कळणार? एकदा झाकण काढायचं, पुरा वेळ धरायचं, आणि जे असेल ते परत येऊ द्यायचं.

"सूनबाई, पदर जरा मागे घ्या," तो म्हणाला. सहदेवनेच तो सारला. तेवढ्यात चिंतामणीने काळ्या कापडात डोकं घातलं होतं.

दुधी काचेवर हिरवा उजेड पडला होता. सगळं उलटं. सहदेव उलटा, त्याची कोवळी दाढी हिरव्या काचेने काळी केलेली. चिंतामणीने भिंग पुढे-मागे केलं. सहदेव स्पष्ट झाला. त्याच्या बाजूला खुर्चीवर एक फिकट आकार होता, आणि भिंग कितीही सरकवलं तरी तो स्पष्ट होईना. त्याने आणखी सरकवलं. मग मागचा पडदा स्पष्ट झाला, तळं, हंस, पायऱ्या.

पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं.

गुडघ्यांवर हात ठेवून, हलायचं नाही असं सांगितल्यासारखं. अर्धा चेहरा काळाकुट्ट, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. काय म्हणते ते उलट्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. कापडाच्या आत गरम होत होतं आणि त्याचा स्वतःचाच श्वास त्याच्या कानात वाजत होता.

तो झटक्याने बाहेर आला. पडद्यावर नुसत्या रंगवलेल्या पायऱ्या होत्या, कडेला पोपडे आलेल्या. समोर सहदेव छाती काढून उभा होता. खुर्चीकडे चिंतामणीने पाहिलं नाही. नजर तिथवर गेली आणि साडीच्या काठावरून मागे फिरली.

त्याने भिंगावर झाकण लावून फिल्मची चौकट सरकवली. झाकणावर त्याचा हात होता.

"काय झालं अंकल?"

झाकण काढलं तर कदाचित ती परत आली असती. पण आली असती ती सहदेवसमोर, डागासकट. मग भिकूला कळलं असतं, वाडीला कळलं असतं, आणि ज्या हातांनी पाय धरले त्यांनी विचारलं असतं, भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं? आणि खुर्चीवर आत्ता जे बसलं होतं, त्याचं काय झालं असतं? चिंतामणीने पुढे लोकांना नव्हे, पण स्वतःला नेहमी हे दुसरं कारण सांगितलं. खरं कारण पहिलं होतं.

"काच चुकीची लागली," तो म्हणाला. त्याने हिरवी काच उतरवली आणि लाल चढवली.

फोटो अप्रतिम आला. त्याला त्यावर एकदाही ब्रश फिरवावा लागला नाही.

७

वैशाखाच्या अखेरीला, भर दुपारी बायजा एकटी आली. जिना चढून तिला धाप लागली होती. चिंतामणीने पाणी दिलं. ते पिऊन ती भिंतीला टेकून खालीच बसली. बाकावर बस म्हटलं तरी बसली नाही.

"मुंबैस जाऊन आले, भाऊ," ती म्हणाली. "लेकीकडं. तिला दिस गेलेत आसं कळलं, म्हणून तांदळाचं पीठ, तूप घेऊन गेले."

"बरी आहे ना?"

"घर चांगलं हाय. मानसं चांगली." ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. "दार वाजवलं. एका पोरीनं उघडलं. गोरीपान, देखणी. मी म्हणलं, बाय, रंजिता हाय का घरात?"

खालून रिक्षा गेली. तिचा आवाज जाईपर्यंत बायजा थांबली.

"ती पोरगी माज्याकडं बघत राह्यली. बोलली काय नाय. नुसतं आतल्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं तुमचा फोटो हाय." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "जावई आले नि हसायला लागले, म्हणले, आई, आपल्या लेकीला वळखलं नाय? मी पण हसले. दोन दिस राह्यले. तिच्याच हातचं जेवले. पण भाऊ, मला ती वळखूच आली नाय. जवळ निजली तरी आली नाय."

चिंतामणी काउंटरमागे उभा होता. त्याला वाटलं, आता ती विचारेल. कसं केलंत, का केलंत, पोरगी नको म्हणत होती तरी का हसलात. त्याने तयारी केली होती. यापेक्षा लवकर कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं.

पण बायजाने वेगळंच विचारलं. "एखादा आधीचा फोटो हाय का तिचा? गालासकट? लहानपनचा, कसला पण. म्हंजे मला बघता येईल. मला तिचं तोंड आठवंना झालंय. डाग आठवतो, पन तोंड नाय."

"नाही," चिंतामणी म्हणाला. काच न लावता त्याने तिचा एकही फोटो काढला नव्हता.

"माज्याकडं पन नाय. कधी काढलाच नाय. लाज वाटायची." ती जिन्याच्या कठड्याला धरून उठली, पदर सारखा केला. "तुमचा काय दोष नाय, भाऊ. तुम्ही चांगलंच करायला गेलात. मीच आनली तिला. ती नको म्हनत व्हती, मीच ऐकलं नाय. चूक माजीच हाय."

ती हे दोनदा म्हणाली. मध्ये थांबली होती, आणि त्या थांबण्यात त्याला बोलायला पुरेशी जागा होती.

चिंतामणीने तिला तसं म्हणू दिलं.